शेवटची गाडी सात-दहाला

म्हादईकाठ

मंडळी, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

माझी भाची बीएस्सी करून वर्षभर घरी बसली होती. गेल्या महिन्यात म्हापशाच्या एका लॅबमध्ये काम मिळालं. पगार बरा, काम शिक्षणातलं, सुटी संध्याकाळी सहाला. त्या रात्री घरी कागद-पेन घेऊन सगळे बसले, पण हिशेब पगाराचा नव्हता. सहाला सुटली तर सव्वासहाला म्हापसा स्टँड. तिथून डिचोली, साखळी, होंडा करत वाळपईला पोचायला पावणेआठ. आणि वाळपईहून आमच्या गावची शेवटची गाडी सात-दहाला. पस्तीस मिनिटांवरून नोकरी गेली. तिने जमत नाही म्हणून कळवलं, कारणही सांगितलं. लॅबवाल्या बाईंना ते खरंच वाटलं नाही. म्हापशात राहणाऱ्या माणसाला सात-दहाला शेवटची गाडी असते हे पटणं कठीणच, त्यात त्यांचा काय दोष.

आमचा गाव गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून 14 किलोमीटर आत, म्हादई अभयारण्याच्या कडेला. नाव लिहीत नाही. गावात या विषयावरून आधीच दोन तट आहेत आणि दोन्ही तटांतले लोक इथे वाचायला येतात.

माझ्या आजोबांच्या लहानपणी, म्हणजे पोर्तुगीज काळात, गाडी म्हणजे 'करेर' किंवा 'कामयांव'. लाकडी सांगाडा, लाकडी बाक, टपावर केळीचे घड. तीही मोठ्या रस्त्यावर. आमच्या गावातून तिथवर पायी. मुक्तीनंतरही बरीच वर्षं पायीच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी बसभाड्यात 50 टक्के सवलतीसाठी मोठं आंदोलन केलं, आणि 1980 साली सरकारने कदंब परिवहन महामंडळ काढलं. आमच्याकडे त्याआधी आणि त्यानंतरही खासगी गाड्या होत्याच. गोव्यात आजही खेड्यापाड्यांतला प्रवासी मुख्यतः खासगी गाडीवर आहे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं.

मी तिसरी-चौथीत असताना गावात वस्तीची गाडी सुरू झाली. रात्री साडेआठला यायची, देवळासमोरच्या वडाखाली उभी राहायची, पहाटे पावणेसहाला सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टर आमच्या ओट्यावर झोपायचे. कंडक्टर जेवणाआधी टॉवेल पसरून त्यावर चिल्लर ओतायचा आणि कंदिलाच्या उजेडात चार आण्यांच्या, आठ आण्यांच्या उतरंडी लावायचा. आम्ही पोरं भोवती बसून बघायचो. उतरंड पडली की पहिल्यापासून मोजणी, आणि आम्हाला हाकलणं. आईने पेज दिली की दोघंही आधी पाण्याचा तांब्या मागायचे. ड्रायव्हर पहाटे पाचला गाडी रेस करून ठेवायचा. तो आवाज आला की घरोघर चुलीवर आधण चढायचं. मार्च-एप्रिलमध्ये त्या गाडीला काजूच्या बोंडांचा असा वास यायचा की पणजीत उतरल्यावरही शर्टाला असायचा. कॉलेजात पोरं विचारायची, काय रे, सकाळीच?

मग एका पावसाळ्यात मोरी वाहून गेली आणि वस्तीची गाडी 'तात्पुरती' बंद झाली. मोरी दोन महिन्यांत झाली. गाडीही परत आली, पण वस्तीला नाही. रात्री साडेआठची सात-दहा झाली. तेव्हा कोणी काही बोललं नाही, कारण दिवसाच्या फेऱ्या उलट एकाने वाढल्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच. 'गावाला दिवसाला सहा फेऱ्या आहेत' हे ग्रामसभेत अभिमानाने सांगतात. फेऱ्यांचा आकडा नको, शेवटची गाडी किती वाजता ते सांगा. गावातल्या माणसाने काय शिकायचं, कुठे काम करायचं, इस्पितळात किती वेळ थांबायचं हे त्या एका वेळेवर ठरतं. तुमच्याकडची वेळ लिहा, आणि गाडी मागे का सरकली हे माहीत असेल तर तेही.


काजूबोंड

आमची सहा-चाळीसला. तुम्ही श्रीमंत लोक.


नाईटड्युटी

मी दक्षिण गोव्यातल्या सांगेची, एका मोठ्या इस्पितळात परिचारिका. दुपारची ड्युटी आठला संपते, पुढच्या पाळीला पेशंट समजावून देईपर्यंत साडेआठ. त्या वेळी मडगावपर्यंत येईन, पुढे कशी जाऊ? म्हणून आम्ही चौघी सांताक्रूझला खोली करून राहतो. घर 50 किलोमीटरच्या आत आहे आणि मी महिन्यातून दोनदा जाते, दुबईत असल्यासारखी.

पण माझ्यापेक्षा पेशंटांचं लिहिते. गावाहून येणारे लोक पहिल्या गाडीने येतात. नंबर लागतो, डॉक्टर तपासतात, रक्त द्यायला सांगतात, रिपोर्ट दुपारनंतर. साडेतीन वाजले की वॉर्डाबाहेरच्या बाकड्यांवर चुळबुळ सुरू होते. एक म्हातारी मला रोज विचारल्यासारखं विचारायची, "बाय, रिपोर्ट फाल्यां मेळत मगो?" उद्या मिळेल, पण उद्या परत दोन गाड्या बदलून यायचं. ती आलीच नाही. रिपोर्ट फाइलला तसाच.


चाळीससीटर

आता मी लिहितो, कारण इथे अजून कोणी बसवाल्यांना शिव्या घातल्या नाहीत, त्या येण्याआधी.

बाबांची गाडी होती, आता मी बघतो. मिनीबस. सत्तरी नव्हे, पण असाच 14-15 किलोमीटरचा आतला रूट. रात्री आठच्या फेरीला सरासरी सात माणसं. तिकीट पंचवीसच्या आसपास धरा, झाले पावणेदोनशे. गाडी चढणीच्या रस्त्यावर लिटरला पाच किलोमीटर देते. जाऊन-येऊन 28 किलोमीटर, म्हणजे पाचशेचं डिझेल. परत येताना गाडीत मी आणि कंडक्टर. टायर, ग्रीस, कंडक्टरचा जास्तीचा तास धरलाच नाही. ही फेरी रोज केली तर वर्षाला लाखभर रुपये मी गावाला दान देतो. देवळाला दिले असते तर फलकावर नाव तरी लागलं असतं.

पूर्वी हीच फेरी परवडायची. का? सकाळच्या फेरीत शाळेची पोरं लोंबकळून जायची. सकाळचा लोड रात्रीची फेरी पोसायचा. मग अनुदानित शाळांना बालरथ, म्हणजे शाळेच्या स्वतःच्या बस, आल्या. पोरांसाठी चांगलंच झालं, माझीही पोर बालरथातून जाते. पण माझ्या सकाळच्या गाडीतली तीस पोरं गेली. त्यानंतर 2020 च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद, तेवढ्यात जो तो हप्त्यावर स्कूटर घेऊन मोकळा. आमच्या रूटवरच्या पाचातल्या दोन गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्याच नाहीत. एक अजून मालकाच्या भाटात, म्हणजे बागेत, उभी आहे, आत कोंबड्या.


रिवणवाला

आमच्या पट्ट्यातली गंमत वेगळी. खाणी चालू होत्या तेव्हा सावर्डे-कुडचडे भागात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकायची, बस होती पण वेळ नव्हती. आमच्या वाड्यावरच्या एकाने तर बस विकून टिपर घेतला होता, टिपर जास्त देतो म्हणून. 2012 ला खाणी थांबल्या. आता रस्ता मोकळा आणि बस नाही. टिपरही नाही.


आगाऊ

एक अप्रिय प्रश्न. सात माणसांसाठी चाळीस सीटची गाडी रात्री जंगलात पाठवायची आणि पैसे आम्ही भरायचे? प्रत्येक घरात दोन दुचाक्या आहेत. त्यापेक्षा त्या सात जणांना पेट्रोलचे पैसे द्या, स्वस्त पडेल.


म्हादईकाठ

आगाऊ, तुमच्या नावाला जागलात. पण प्रश्न योग्य आहे, उत्तर देतो.

घरात दोन दुचाक्या आहेत, बरोबर. एक भावाची, एक माझी. माझी आई 68 वर्षांची, ती चालवत नाही. भाचीला लायसन्स आहे, पण जुलैत रात्री आठ वाजता आमच्या रस्त्यावरून एकट्या मुलीने स्कूटर आणावी असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा या. वळणावर गवा उभा असतो. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, तो बाजूला होत नाही, आपणच व्हायचं. माझ्या शेजाऱ्याने गेल्या पावसात वीस मिनिटं हेडलाइट बंद करून वाट बघितली. आणि शहरात ठीक आहे, पायलट, म्हणजे भाड्याचा मोटरसायकलवाला, मिळतो. आमच्याकडे रात्री येताना पायलट आधी परतीचं भाडं मागतो. तोही बरोबरच आहे, त्यालाही गवा दिसतो.


दिवाडीचा

मी बेटावरचा, म्हणून मला हा सगळा हिशेब ऐकून हसू येतं. दिवाडीला, चोडणला फेरीबोट रात्री उशिरापर्यंत चालते. चालत येणाऱ्या माणसाला तिकीट नाही. कित्येकदा रात्रीच्या बोटीत मी, एक मोटरसायकल आणि एक कुत्रा. बोटीवरची माणसं तिघं. नदी परिवहन खात्याला आजवर कोणी विचारलं नाही की या फेरीचा लोड किती आणि डिझेल किती. कारण सगळ्यांना कळतं, बोट नसेल तर माणूस पलीकडे राहिला.

नदीतलं पाणी दिसतं म्हणून फुकट, आणि सत्तरीतले 14 किलोमीटर जंगल दिसत नाही म्हणून पावणेदोनशेचा हिशेब?


आगाऊ

दिवाडीचा, हे बरं मांडलंत. मान्य नाही, पण बरं मांडलंत.


निवृत्तचाक

मी कदंबात ड्रायव्हर होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मुलाने हा धागा दाखवला, त्याच्याकडूनच लिहून घेतो.

मी पुष्कळ वस्त्या केल्या. सत्तरीत, काणकोणात, पेडण्यात. 1986 साली 5 जुलैला मांडवीचा पूल पडला तेव्हा म्हापशाकडची माणसं बेतीला उतरायची आणि फेरीबोटीने पणजीला जायची. त्या दिवसांत माझी वस्ती पेडणे बाजूला होती. बेतीला मी रात्री शेवटच्या बोटीची वाट बघायचो. वेळ होऊन गेली तरी. कारण बोटीतली माणसं माझ्याच गाडीची हे मला माहीत असायचं.

आता मुद्द्याचं सांगतो. चाळीससीटर यांचा हिशेब खरा आहे, पण तो परत येणाऱ्या गाडीचा आहे. वस्तीची गाडी परत येत नाही, तिथेच राहते. गाडी रात्री रिकामी आगारात आणायची आणि सकाळी रिकामी गावात न्यायची, त्याला आम्ही डेड किलोमीटर म्हणायचो. वस्ती त्यासाठीच. लोकांना वाटायचं सरकारने उपकार केले. उपकार नव्हते, डिझेल वाचायचं.

मग वस्त्या का कमी झाल्या? एक कारण आम्ही स्वतः. तरुण ड्रायव्हरला रात्री घरी जायचं असतं, बायका-पोरं असतात. भत्ता मिळायचा, पण त्यासाठी कोणी थांबत नाही. दुसरं कारण, सोय. म्हादईकाठ यांच्या आईसारखी माणसं सगळीकडे नव्हती. मी गाडीतच मागच्या सीटवर झोपलोय, पावसात, खिडकीच्या फटीला वर्तमानपत्र कोंबून. संडास नाही. कंडक्टर दिवसाची रोकड उशाखाली घेऊन झोपायचा, त्याला झोप कुठली. सकाळी गाडी चालू झाली नाही तर मेकॅनिक वीस-तीस किलोमीटरवर, आणि तेव्हा मोबाइल नव्हते. गावातली माणसं धक्का मारायची. एकदा लग्नाचं वऱ्हाड धक्का मारत होतं, नवरा आत बसलेला.

तिसरं कारण वेळापत्रक करणाऱ्यांचं. ते आगारात बसतात. त्यांना गाडी रात्री आगारात दिसली की बरं वाटतं.


काजूबोंड

काका, लिहीत राहा. नवरदेव उतरला का शेवटी?


निवृत्तचाक

नाही. सासऱ्याने उतरू दिला नाही.


पाटीची लेक

मला गाडीच्या टपाबद्दल बोलायचं आहे. हसू नका.

माझी आई शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसायची. हळसांदे, वाल, मिरची, चवथीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान. जुन्या गाडीला मागून शिडी होती, वर कॅरियर. कंडक्टर पाटी वर घ्यायचा, पाटीचं वेगळं तिकीट फाडायचा. आईची पाटी कुठली हे त्याला कापडाच्या रंगावरून माहीत होतं. पहिल्या गाडीने माल गेला तर सकाळचा भाव मिळायचा, दुसऱ्या गाडीने गेला तर उरलेला.

आता ज्या गाड्या येतात त्यांना टपावर काही नाही. आत पाटी ठेवली तर लोक बोलतात, आणि त्यांचंही खरं, पाय ठेवायला जागा नसते. आता आमच्या वाड्यावरच्या चौघी मिळून पिकअप करतात. चवथीला परवडतं, एरवी नाही. आईने बाजार सोडला त्याचं कारण गुडघे, असं ती सांगते. मला माहीत आहे गुडघे नंतर दुखायला लागले.


तिळारीपलीकडे

आम्ही दोडामार्गचे, राज्य वेगळं पण दवाखाना तुमचाच. बांबोळीचं सरकारी इस्पितळ नसतं तर आमच्या तालुक्यातल्या कितीजणांचं काय झालं असतं कुणास ठाऊक. आमच्याकडे लोक अजून म्हणतात, गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी. एसटी 1 जून 1948 ला पुणे-नगर अशी सुरू झाली हे आम्हाला शाळेत पाठ होतं. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. आमची काकू त्या दिवसापासून नातेवाईकांकडे जास्त जाते, काका जास्त वैतागतो.

पण अर्ध्या तिकिटाचा उपयोग गाडी असेल तेव्हा. मुक्कामी गाडीचा प्रश्न इकडेही हुबेहूब असाच आहे. फक्त आम्ही तिला मुक्कामी म्हणतो, तुम्ही वस्तीची.


कलम बहात्तर

वकील आहे, फुकट सल्ला देतो, सवय नाही.

खासगी गाडीला परवाना मिळतो तो मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 72 खाली. त्यात रूट, फेऱ्या आणि वेळा या अटी म्हणून घालता येतात. अट मोडली तर कलम 86 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. म्हणजे तुमच्या गावच्या रूटवर कागदावर रात्री साडेआठची वेळ कोणाच्या तरी परवान्यात असण्याची शक्यता आहे, आणि ती गाडी साडेआठला कोणाच्या तरी अंगणात उभी असण्याचीही.

आधी शोधा. माहितीच्या अधिकारात वाहतूक खात्याला अर्ज करा, दहा रुपये लागतात. विचारायचं एवढंच: वाळपई ते तुमचा गाव या रूटवर चालू परवाने किती, प्रत्येकाच्या मंजूर वेळा कोणत्या. 'बस का येत नाही' असं विचारू नका. 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागदाची प्रत द्यायला आहेत. मग पंधरा दिवस वहीत लिहा: तारीख, वेळ, आली की नाही. तोंडी तक्रार कोणी फाइलला लावत नाही.


चाळीससीटर

वकीलसाहेब, नेमकं हेच करतील आणि माझ्यासारखा जो अजून तीन फेऱ्या ओढतोय तोच पकडला जाईल. ज्याने भाटात गाडी उभी केली त्याचा परवाना रद्द झाला तर कोंबड्यांना काय फरक पडतो?

दंड लावून रात्रीची गाडी येणार नाही. आली तरी चार दिवस येईल.


कलम बहात्तर

मान्य. म्हणून आधी शोधा म्हटलं. मारा नाही म्हटलं.


काजूबोंड

मग इलेक्ट्रिक? पणजीत 2024 च्या जुलैपासून छोट्या इलेक्ट्रिक बस फिरताहेत, थंडगार, कार्डाने तिकीट. मी मुद्दाम मिरामारपर्यंत जाऊन आलो, काम काही नव्हतं. आमच्याकडे एक पाठवली तर?


निवृत्तचाक

ती गाडी वस्तीला राहू शकत नाही. तिला रात्री चार्जिंगला लागतं, आणि चार्जर आगारात. वडाखाली नाही. म्हणजे परत तेच डेड किलोमीटर. शहरात ती चांगली, वारंवार थांबायचं-निघायचं असतं तिथे. आत खेड्यात अजून काही वर्षं जुनी डिझेलची छोटी गाडीच बरी. नवं यंत्र आलं की आधी विचारायचं, रात्री कुठे झोपतं.


म्हादईकाठ

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी ग्रामसभेत इलेक्ट्रिक बसच मागणार होतो.

चाळीससीटर, तुम्हाला एक विचारतो. 'म्हजी बस' योजनेत खासगी गाडी कदंब भाड्याने घेतं आणि मालकाला किलोमीटरप्रमाणे पैसे देतं. तिकिटाचे पैसे कदंबाचे, पास चालतो. यात सात माणसं असली काय नि सतरा असली काय, तुमच्या खिशाला फरक नाही. मग रात्रीची फेरी का नको?


चाळीससीटर

नको कोण म्हणतंय? मी दोनदा जाऊन विचारून आलो. तत्त्व चांगलंच आहे. आजवर आम्ही माणसांच्या मागे धावायचो. स्टँडवर गाडी भरेपर्यंत थांबायची, पुढच्याच्या आधी पोचायला मग वेड्यासारखी हाणायची. किलोमीटरवर पैसे मिळाले की थांबायची गरज नाही आणि हाणायचीही नाही. माझा कंडक्टर म्हणतो, मग मी ओरडू काय?

पण माझे दोन प्रश्न आहेत. एक, पैसे वेळेवर. माझा हप्ता पाच तारखेला जातो, बिल मंजूर होईपर्यंत बँक थांबत नाही. दोन, कुठल्या फेऱ्या घ्यायच्या हे कोण ठरवणार. मोठ्या रस्त्यावरच्या फेऱ्या सगळ्यांना हव्या आहेत. आतली रात्रीची फेरी कोणीतरी कागदावर लिहून मागितली पाहिजे. मागणारा नसेल तर किलोमीटर हमरस्त्यावरच फिरतील.


नाईटड्युटी

लिहून मागायचं म्हणजे कसं? 'बस हवी' असं लिहून आमच्या गावाने तीनदा दिलंय. शिक्का मारून पोच मिळाली.


निवृत्तचाक

'बस हवी' असं लिहायचं नाही. वेळापत्रक करणाऱ्याला माणसं दाखवायची. कोण, कुठून, किती वाजता, आठवड्यातून किती दिवस. मी युनियनमध्ये असताना एका गावाने असा कागद आणला होता, शाळेच्या वहीवर, आडव्या रेघा मारून. त्यात 'शनिवारी एक माणूस कमी, तो तियात्राच्या नाटकाला जातो' असंही लिहिलं होतं. ती गाडी सुरू झाली. साहेब म्हणाले, हे लोक खोटं लिहीत नाहीत.


म्हादईकाठ

मग इथूनच सुरू करतो. वाळपईहून रात्री सव्वाआठला गाडी असेल तर नियमित कोण येईल? आमच्या रस्त्यावरच्या चारही गावांतले जे कोणी वाचत असाल त्यांनी लिहा, नाव नको. भाची धरून माझ्या घरातून दोन.


काजूबोंड

मी दुसऱ्या रस्त्याचा, नाहीतर लिहिलं असतं. माझा आतेभाऊ मात्र तुमच्याच बाजूचा, पिसुर्ले औद्योगिक वसाहतीत आहे. पाळी आठला सुटते, कंपनीची गाडी होंड्याला सोडते. पुढे कोणाच्या तरी मागे बसून जातो. एक धरा. रविवार सोडून.


सव्वीस पायऱ्या

धागा रोज वाचते, पहिल्यांदा लिहिते. म्हादईकाठ, तुमच्या अलीकडच्या गावची. मी, आणि साखळी कॉलेजात शिकणारे आमच्या वाड्यावरचे तिघं. लायब्ररीत थांबता येईल म्हणून. चार. परीक्षेच्या महिन्यात पाच-सहा.


आगाऊ

माझी बहीण तुमच्या रस्त्यावर दिली आहे. ती डिचोलीत शिवणकामाच्या दुकानात असते. आठवड्यातून चार दिवस. एक लिहा. माझं मत बदललेलं नाही.


म्हादईकाठ

लिहिलं. झाले आठ. चाळीससीटर यांच्या सातापेक्षा एक जास्त, आणि अजून गावात कोणाला विचारलेलंच नाही. येत्या रविवारी ग्रामसभा आहे, वहीवर आडव्या रेघा मारून घेतल्या आहेत.


निवृत्तचाक

चांगलं. शेवटचा रकाना विसरू नका, त्यासाठीच गाड्या अडतात. गाडी रात्री उभी करायला सपाट जागा, पाणी, संडास, आणि दोन माणसांना झोपायला छप्पर. देवळाचा मंडप चालतो, पण जत्रेच्या वेळी काय ते आधी ठरवा. आणि मोबाइल चार्ज करायला प्लग. आमच्या वेळी तो लागत नव्हता.


म्हादईकाठ

जागा वडाखालीच. संडास आता घरात आहे, प्लग ओट्यावर काढून देतो. आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या ड्रायव्हरची मच्छरदाणी अजून माळ्यावर आहे, उद्या धुऊन टाकते, पण एका बाजूला फाटली आहे ती शिवायला आगाऊच्या बहिणीकडे दे.